आमच्या ह्यांनी फास्ट केलेले कॉम्प्युटर

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही बघा. रिकामे डबे माळ्यावर साठतात तसं होतं. आज एक ठेवला, महिन्यानं दुसरा, आणि एक दिवस काहीतरी काढायला हात घातला की सगळे धडाधड अंगावर! आमच्या भिशीतल्या बायका सासूचे किस्से सांगतात, जावेचे सांगतात. माझी पाळी आली की सगळ्या आधीच पदर तोंडाला लावून बसतात. कारण माझे किस्से नवऱ्याचे आहेत. नवऱ्याचे आणि कॉम्प्युटरचे.

हसा तुम्ही. मला मात्र सांगताना अजून लाज वाटते.

मी हिंगोलीत सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. आमचे हे, म्हणजे इंगोले सर, हायस्कूलवर हिंदी शिकवायचे. दोन हजार साल उलटलं आणि आमच्या गल्लीत एकामागून एक कॉम्प्युटर यायला लागले. आले तेव्हा नवरीसारखे मिरवत आले, आणि वर्षा-दोन वर्षांत सगळे म्हाताऱ्यासारखे चालायला लागले. तेव्हा पेपरात दर आठवड्याला एक सदर यायचं, कॉम्प्युटरची निगा कशी राखावी म्हणून. आमच्या ह्यांनी त्याची कात्रणं काढली, वहीत चिकटवली आणि स्वतःला डॉक्टर समजायला लागले.

आता त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. त्याच वर्षांत आमची प्रज्ञा बी.एस्सी. झाली आणि आम्ही तिच्यासाठी स्थळं बघत होतो. आमच्याकडं स्थळाची चौकशी कशी होते, माहीत आहे ना? मुलाकडची माणसं आधी मुलीच्या घरी येतच नाहीत. आधी गल्लीत येतात. "इथं भाड्यानं खोली भेटंल का?" असं काहीतरी निमित्त काढून दोन-चार घरी बसतात, चहा पितात, आणि मग हळूच विचारतात, "ते इंगोले सर कसे माणूस हायेत हो?"

म्हणजे माझ्या लेकीचं लग्न गल्लीच्या तोंडी. आणि हा माणूस त्याच गल्लीत घरोघर जाऊन कॉम्प्युटर फास्ट करून राहिला होता!

* * *

सुरुवात आमच्या घरापासून झाली.

आमचा कॉम्प्युटर बैठकीत. त्याला मी क्रोशाचं झाकण विणलं होतं, त्याच्यापुढं चप्पल घालून जायची कोणाची हिंमत नव्हती. सकाळी बटण दाबलं की हे दाढी करायचे, आंघोळ करायचे, पेपर वाचायचे, तरी पडद्यावर ते वाळूचं घड्याळ आपलं उलटंपालटं होत बसलेलं. त्यात आमच्याकडचं भारनियमन! कॉम्प्युटर जागा व्हायला आणि लाईट जायला एकच गाठ पडायची. प्रज्ञा ओरडायची, "पप्पा, चालू झाला!" आणि फट्ट करून अंधार.

मग एका रविवारी ह्यांनी वाचलं की धुळीमुळं कॉम्प्युटर मंद होतो. झालं! पेचकस काढला, सीपीयूचा डबा उघडला, आणि आत धूळ बघून असे खूश झाले की जणू चोरच सापडला. शेजारून सायकलचा पंप आणला आणि आत हवा मारली. सगळी धूळ उठली ती ह्यांच्या तोंडावर. माझा भाऊ नेमका त्याच वेळी दारात आला. ह्यांच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. भावानं विचारलं, "दाजी, गिरणी टाकली काय?"

डबा बंद केल्यावर दोन स्क्रू उरले. मी म्हटलं, "अहो, हे कुठले?"

हे न अडखळता म्हणाले, "कंपनी जास्तीचे देती. पडले-झडले तर असावेत म्हणून."

माझं नशीब बघा, त्या दिवशी कॉम्प्युटर खरंच जरा लवकर चालू झाला. नसता झाला तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो झाला, आणि संध्याकाळी हे गल्लीत उभं राहून येईल त्याला सांगत होते, "आपला तर पळायलाय बुवा!"

* * *

पहिले सापडले राठोड बाबू.

राठोड बाबू मूळचे सेनगावकडच्या तांड्यावरचे, इथं कचेरीत नोकरीला. भला माणूस, कोणाला नाही म्हणता येत नाही त्यांना. उन्हाळ्याचे दिवस होते. हे त्यांच्याकडं गेले, सीपीयूवर हात ठेवला, मी पेशंटच्या कपाळावर ठेवते तसा, आणि म्हणाले, "ताप हाय ह्याला. गरम झाला की मशीन मंद होती. ह्याला गार हवा पायजे."

राठोड बाबू म्हणाले, "फॅन लावू का?"

"फॅनची हवा बी गरमच. कूलर हाय ना तुमच्याकडं?"

कूलर कसला, तुम्हाला ठाऊकच आहे. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, आत पाण्याचा पंप. हिंगोलीच्या मे महिन्यात त्याच्यासमोर झोपायला घराघरांत भांडणं व्हायची. तर ह्यांनी सीपीयूचं झाकण काढून त्याला उघड्या पोटानं कूलरसमोर मांडला. राठोड वहिनी आणि लेकरं दुसऱ्या खोलीत ओला टॉवेल घेऊन बसली.

दोन दिवस कॉम्प्युटर बराबर चालला म्हणे. तिसऱ्या दिवशी आतून पाणी ठिबकलं. मग एक वास आला, आणि मग काहीच आलं नाही.

मी दवाखान्यातून येताना वहिनी दारात उभ्या होत्या. मला बघून त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हसल्या. "सिस्टर," म्हणाल्या, "आमची लेकरं घामाघूम झाली अन् त्याला कूलर दिला. तरी मेला!"

त्या दिवसापासून मी बाजाराला जाताना मागच्या बोळातून जायला लागले. तिकडं नाली होती, डुकरं होती, पण राठोडांचं दार नव्हतं.

* * *

ह्यांना मी घरी सांगितलं, "आता बास. पोरीचं लग्न व्हायचंय. एक घर तरी ऱ्हाऊ द्या चांगलं बोलायला."

हे म्हणाले, "अगं, मी काय वाईट करून राहिलो का? लोकांची तकलीफच दूर करायलोय ना?"

मनात पाप असतं तर भांडता तरी आलं असतं.

मग ह्यांनी समोरच्या पाटलांचा कॉम्प्युटर हातात घेतला. ह्या वेळी नवीन इलाज होता. कॉम्प्युटरच्या पोटातलं सामान अस्ताव्यस्त पडलेलं असतं, ते एका जागी नीट लावून ठेवायचं. बटण दाबलं की पडद्यावर रंगीत चौकोन दिसायचे आणि एकेक चौकोन इकडून तिकडं सरकायचा. पेपरात लिहिलं होतं, हे काम चालू असताना मध्येच कॉम्प्युटर बंद करू नये.

हे दुपारी जेवून गेले आणि चौकोनांसमोर बसले. चार वाजले. पाटील वहिनींनी चहा दिला. सहा वाजले, पोहे दिले. पाटलांकडं नांदेडचे पाहुणे आले, ते बैठकीत येऊन बघतात तर एक अनोळखी माणूस खुर्चीत बसून भिंतीकडं बघावं तसा पडद्याकडं बघत बसलेला. पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण?" पाटील म्हणाले, "आमचे शेजारी हायेत. चौकोन बघून राहिलेत."

रात्रीची जेवणं झाली. ह्यांनाही ताट वाढलं. शेवटी पाटलांची पोरगी आमच्या दारात आली. "काकू, आई म्हणती, काका खुर्चीतच झोपलेत. त्यांना घेऊन जाता का?"

मी गेले. काय ते तोंड माझं झालं असेल! पाटील वहिनी, नांदेडचे पाहुणे, सगळे उभे. मी ह्यांच्या खांद्याला हात लावला. हे दचकून उठले, पडद्याकडं बघितलं, "झालंच बघ, थोडंच ऱ्हायलंय!" म्हणाले, आणि तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात ह्यांचाच आवाज आला, "आता पहिल्यापासून लावावं लागंल."

आणि स्वयंपाकघरातून पाटील वहिनी म्हणाल्या, "मंग उद्या भात जरा जास्त टाकते."

* * *

मध्ये एक बारका किस्सा आमच्याच घरचा.

कॉम्प्युटरला व्हायरस लागतो म्हणून त्याला अँटीव्हायरस टाकतात. आमच्या ह्यांचा हिशेब असा, की एकानं भागत असेल तर तीन टाकले म्हणजे काळजीच मिटली! तिघंही त्या कॉम्प्युटरमध्ये बसले आणि एकमेकांनाच चोर समजून धरायला लागले. आता चालू व्हायला सकाळ जायची आणि बंद व्हायला दुपार.

प्रज्ञा शांत स्वभावाची. ती गावातल्या कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, तिला सगळं कळायचं, पण बापाला तोंडावर बोलायची नाही. त्या दिवशी मात्र तिच्यानं राहवलं नाही. म्हणाली, "पप्पा, दाराशी तीन वॉचमन ठेवलेत तुम्ही. आता घरचं माणूस बी आत जाईना."

हे म्हणाले, "पण चोर तर न्हाई ना गेला?"

* * *

आता हा किस्सा मी भिशीत सांगत नाही. आज सांगते.

गल्लीच्या टोकाला शेख चाचा-चाची राहायचे. त्यांचा एकुलता एक पोरगा सौदीला. त्यानंच पैसे पाठवून कॉम्प्युटर घ्यायला लावला होता, वर छोटा कॅमेरा, दोन स्पीकर. फोनच्या तारेतून नेट आलं होतं. दर शुक्रवारी नमाज झाली की चाचा-चाची त्या कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि पोरगा तिकडून दिसायचा, बोलायचा. चाची त्या दिवशी नवा दुपट्टा घ्यायच्या. पोरगं लांबून का होईना, बघणार म्हणून.

पण चित्र अडकत अडकत यायचं. चाचांनी ह्यांना रस्त्यात विचारलं, "सर, हमारा भी जरा फास्ट कर देते क्या?"

मला कळलं तेव्हा हे तिकडं जाऊन परत आले होते. खुशीत होते. "त्येंच्या मशीनमधी काय काय भरून ठेवलं होतं! जे काही कामाचं दिसलं न्हाई, समदं काढून टाकलं. हलका केला एकदम!"



शुक्रवारी मला राहवलं नाही. मी डबाभर शेवया घेऊन चाचींकडं गेले. पोरगा पडद्यावर आलेला होता, आणि खरंच, चित्र पहिल्यापेक्षा चांगलं सरकत होतं. पण आवाज नव्हता. जे काढून टाकलं त्यात आवाजाचं काहीतरी गेलं होतं. पोरगा तिकडून ओठ हलवायचा, कानाला हात लावून दाखवायचा. चाची पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडायच्या, "खाना खाया क्या? खाना?" चाचा स्पीकरवर थापा मारत होते. मग त्या पोरानं हातानंच घास घेतल्यासारखं करून दाखवलं. चाचींनी मान डोलवली. पोरगा हात हलवून गेला.

मी दारातच उभी होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी शेवयांच्या डब्यासकट आत जावं. मी म्हटलं, "चाची, माफ करा. ह्यांच्यामुळं झालं हे."

चाचींनी डोळे पुसले आणि माझ्या हातातून डबा घेतला. "अरे बेटा, आवाज नहीं आयी तो क्या हुआ? दुबला हो गया, वो तो दिख गया ना!"

घरी येऊन मी ह्यांच्याशी भांडलेसुद्धा नाही. नुसतं जे बघितलं ते सांगितलं. हे जेवले नाहीत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाणकार माणूस घेऊन चाचांकडं गेले, आवाज परत येईपर्यंत त्याच्या मागं उभे राहिले, आणि घरी आल्यावर पेचकस माझ्या हातात दिला. म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. आजपासून बंद."

* * *

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शिरड शहापूरकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. त्यांची माणसं गल्लीत येऊन चौकशी करून गेल्याचं आम्हाला मागून कळलं. नंतर त्यांच्याकडून काही निरोपच आला नाही. मध्यस्थाला विचारलं तर तो म्हणाला, "बघू म्हणालेत." आता हे "बघू" म्हणजे काय, ते मुलीच्या आईला कळतं.

कोणी काय सांगितलं असेल? राठोड वहिनींनी कूलरचं सांगितलं असेल? पाटलांनी चौकोनांचं? चाचींचा तर हक्कच होता. मी कोणाला विचारणार? आणि कोणत्या तोंडानं? रात्र रात्र मला झोप लागायची नाही. प्रज्ञा काही बोलायची नाही, पण एकदा भांडी घासताना म्हणाली, "आई, माझ्यात काही खोट हाय का गं?" मी काय सांगणार होते तिला? की बाई, तुझ्यात काही नाही, तुझा बाप लोकांचे कॉम्प्युटर फास्ट करतो?

मग एक दिवस मी लाज गिळली, शेंगदाण्याचे लाडू केले आणि समोरच्या दारातून, उघड्या रस्त्यानं राठोडांकडं गेले. लाडू दिले. इकडच्या तिकडच्या गप्पा केल्या. मूळ मुद्दा काही तोंडातून निघेना. शेवटी उठता उठता म्हटलं, "वहिनी, कोणी प्रज्ञाची चौकशी करायला आलं तर..."

राठोड वहिनी लाडू खात होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, येवढे लाडू काहून आणले? एक कॉम्प्युटर मेला आमचा. गाय थोडीच मेली!"

मी हसले. पण माझं समाधान काही झालं नाही. ती बया शिरडवाल्यांना काय म्हणाली, ते तिनं सांगितलंच नाही.

* * *

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. मध्यस्थानं आखाडा बाळापूरचं एक स्थळ सुचवलं होतं, खिल्लारे म्हणून. मुलगा नांदेडला नोकरीला, वडील निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडून मुलाचा फोटो आला होता. निळा शर्ट, आखूड केस, स्टुडिओतल्या धबधब्याच्या पडद्यासमोर उभा. फोटो माझ्या कपाटात होता, आणि कपाट उघडलं की प्रज्ञा उगाच तिथं काहीतरी शोधायला यायची. मला कळायचं. पोरीच्या मनात भरला होता. म्हणून तर माझा जीव जास्तच खालीवर.

एका दुपारी दारात जीप थांबली. पांढरा सदरा घातलेले एक वयस्कर गृहस्थ उतरले. जीपवाल्यानं मागून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांच्या हातात दिलं. दारात येऊन ते म्हणाले, "जयभीम. इंगोले सरांचं घर हेच ना? बाळापूरहून आलो. इथं कॉम्प्युटर फास्ट करून भेटतो म्हणं?"

चादरीतून सीपीयूचं तोंड बाहेर आलं होतं.

मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बाळापूरपर्यंत! अहो, एवढी बदनामी स्थळाच्या गावापर्यंत गेली, की तिकडून गिऱ्हाईक यायला लागलं! आमच्या ह्यांना मात्र वाटलं, कीर्ती गेली. तोंडावर असा उजेड पडला की विचारू नका. "या या, बसा बसा!" आणि मग आत येऊन माझ्याकडं असं बघितलं, जसं पोरगं बाजारात फुग्याकडं बघतं.

मी म्हटलं, "शब्द दिलाय तुमी मला."

"अगं, पाहुणा आलाय एवढ्या दुरून. रिकाम्या हातानं लावून देऊ? एकच. शेवटचा."

"मग पेचकस भेटणार न्हाई."

"पेचकस लागतच न्हाई. मी आतलं काही उघडत न्हाई. बाहेरूनच करतो."

आणि खरंच, ह्यांनी डबा उघडला नाही. त्यांचा सीपीयू आमच्या टीव्हीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्याला जोडला, आणि आत शिरून साफसफाईला लागले. गृहस्थ बाजूच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. घर बघत होते, भिंतीवरचा बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो बघत होते, प्रज्ञानं पाणी आणून दिलं तर तिच्याकडंही बघितलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं काय, बघणारच.

चहा टाकताना माझ्यानं राहवलं नाही. मी बैठकीच्या दारात आले आणि सरळ म्हणाले, "काका, राग मानू नका. पण तुमचा कॉम्प्युटर घेऊन जा तुमी. ह्यांना ह्यातलं काही येत न्हाई. ह्या गल्लीत कोणाला बी विचारा."

हे म्हणाले, "ती गंमत करती."

गृहस्थ म्हणाले, "व्हय का?" आणि हलले नाहीत.

अर्ध्या तासानं ह्यांचा आवाज आला, "झालं! आता बघा कसा उडतो! कामाचं कायबी काढलं न्हाई हां मी. फक्त अक्षरांची एक लांबलचक यादी होती, शंभर तऱ्हेची अक्षरं. त्यानं मशीन जड होती. ती काढून टाकली. आता उघडा बरं एखादी फाईल. कोणतीबी!"

आता तुम्हाला सांगते काय झालं होतं ते. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी लिहायचं तर मराठी अक्षरांचे फॉन्ट वेगळे टाकून घ्यावे लागायचे. ते फॉन्ट काढले, की मराठीत लिहिलेलं सगळं तसंच्या तसं राहायचं, पण दिसायचं मात्र इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांचं भरीत. ह्यांनी त्या गृहस्थाची सगळी मराठी एका झटक्यात काढून टाकली होती!

गृहस्थांनी पडद्यावर एका फाईलकडं बोट दाखवलं. ह्यांनी ती उघडली. आणि खरं सांगते, फटकन उघडली.

मी नेमकी तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. पडद्यावर बघितलं. खाली सगळा कचरा. कंस, टिंबं, उलटी सुलटी इंग्रजी अक्षरं, एक शब्द धड नाही. पण वरच्या कोपऱ्यात एक फोटो होता. त्याला काही झालं नव्हतं. निळा शर्ट. आखूड केस. मागं धबधबा.

माझ्या कपाटातला फोटोच तो!

आमचे हे पडद्याजवळ वाकून बघत होते. "हा पोरगा ओळखीचा वाटतो," म्हणाले. "कुठं बरं बघितला?"

ते गृहस्थ, म्हणजे खुद्द खिल्लारे गुरुजी, पोराच्या बायोडाटाकडं बघत बसले होते. मला वाटलं, आता उठतील आणि चालायला लागतील. ज्या माणसाला मी आत्ता माझ्या तोंडानं सांगितलं, की ह्यांना काही येत नाही, तोच मुलाचा बाप! मी ट्रे कसाबसा ठेवला आणि हात जोडले. "गुरुजी, आमाला माहीत नव्हतं हो. ह्यांच्या चुकीची शिक्षा पोरीला देऊ नका. पोरगी गुणाची हाय." लाज राहिलीच कुठं होती!

गुरुजींनी चहाचा कप उचलला. एक घोट घेतला. मग म्हणाले, "ताई, काल दिवसभर मी तुमच्या गल्लीतच होतो. राठोडांकडं बसलो, पाटलांकडं बसलो, शेखांकडं तर जेवलो. समद्यांनी सांगितलं, माणसं सोन्यासारखी हायेत, पोरगी डोळे झाकून करा. मग मी म्हणलं, सरांना कॉम्प्युटरमधलं चांगलं कळतं म्हणं? तर तिन्ही घरचे हासले. पोट धरून हासले, पण बोललं कोणीच न्हाई. मला कळंना, हे काहून हासून राहिले. म्हणून जीप परत बाळापूरला नेली, घरचा कॉम्प्युटर टाकला अन् आज घेऊन आलो."

त्यांनी पडद्याकडं बघितलं. "आता कळलं."

मी पदरानं डोळे पुसले. ज्या दारासमोरून मला जायची लाज वाटायची, त्या दारांनी हे सांगितलं होतं.

"एकच विचारतो," गुरुजी म्हणाले. "तुमच्या पोरीच्या बायोडाटात लिवलंय, संगणकाचं उत्तम ज्ञान. हे ज्ञान तिला कोणी दिलं?"

आमच्या ह्यांनी छाती पुढं काढली, तोंड उघडलं. त्यांच्या तोंडातून शब्द निघायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारातून प्रज्ञाचा आवाज आला. बापाला कधी तोंडावर न बोलणारी माझी पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "क्लासला शिकले. पप्पांकडून न्हाई!"

गुरुजींनी कप खाली ठेवला. उठले, वायरी काढल्या, सीपीयू चादरीत गुंडाळायला लागले. आमच्या ह्यांनी चटकन त्याच्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या ना इथंच! तुमी विचार करून कळवा सावकाश. तवर मी आणखीन फास्ट करून ठेवतो."

गुरुजींनी दोन्ही हातांनी सीपीयू छातीशी कवटाळला.

"व्याही," ते म्हणाले, "पोरगी आमची झाली. आता ह्याला सोडा."